घंटा अवेळी वाजते तेव्हा

शाळेची घंटा हा मुलांच्या दिवसाचा ताल असतो. तिच्या टोलांवर तास भरतात, मधली सुट्टी होते आणि शेवटच्या टोलाला दप्तरे पाठीवर चढतात. परंतु १ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी बंगळूर शहरातील ४० हून अधिक शाळांत ही घडी विस्कटली. आवारात स्फोटके ठेवली असल्याची धमकी ई-मेलने आली होती. बातमी कानी पडताच आईबाप हातचे काम टाकून शाळांच्या फाटकांशी धावले. पोलिसांची बाँबशोधक पथके कुत्र्यांसह वर्गावर्गांतून फिरली. कोठेही काही सापडले नाही. धमकी खोटी ठरली. एप्रिल २०२२ मध्ये या शहराने हेच अनुभवले होते आणि जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा अनुभवले.

उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही, भिंतीवरचे कॅमेरे ही साधने अवश्य हवीत. परक्या माणसाला ती अडवतात. अफवेला मात्र ती अडवू शकत नाहीत. अशा वेळी उपयोगी पडते ती आधी लावून घेतलेली सवय. कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने उतरावे, मैदानात कोठे उभे राहावे, हजेरीपट कोणी हाती घ्यावा आणि मुलाला कोणाच्या स्वाधीन करावे, हे ज्या शाळेत आधीच ठरलेले व गिरवलेले असते, तेथे धावपळ होते, पण चेंगराचेंगरी होत नाही.

चेंगराचेंगरीचे मोल बंगळूरने पूर्वीच मोजले आहे. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि ९२ जीव गेले. त्यांत बालकेच अधिक होती. पुढे १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर दाखल झालेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला की, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग होय. शाळांत अग्निशामक साधने असावीत आणि ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांना मिळावे, असेही न्यायालयाने बजावले.

खोट्या धमकीचा खरा धोका येथेच आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मराठी मुलांना पाठ असते. आरोळी वारंवार खोटी ठरली की ऐकणाऱ्यांचे पाय जड होतात. गोष्टीतल्या गावकऱ्यांनी केले ते शाळेला करता येत नाही. दहादा खोटी ठरलेली घंटा अकराव्यांदा वाजली, तरी मुलांनी त्याच शिस्तीने जिना उतरला पाहिजे, आणि मैदानात बाईंनी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत हजेरी घेतलीच पाहिजे.