पहिली घंटा आणि मोठ्या मुलांची झोप
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



माझी मुलगी नववीत शिकते. पावणेआठच्या घंटेसाठी तिला सहाच्या आत उठवावे लागते, आणि ते काम माझ्याकडे आहे. इतके दिवस मी तिला ‘आळशी’ म्हणत आलो. या विषयाची माहिती संकलित करण्याचे काम कचेरीत माझ्याकडे आले, तेव्हा दोष तिचा नव्हता हे ध्यानात आले.

वयात येताना शरीरातील घड्याळच मागे पडते. रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य या वयात लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागते. अंथरुणातील मोबाईलचा उजेड त्यात भर घालतो, हेही खरे. दहाला दिवा मालवला तरी डोळा लागता लागता अकरा वाजतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. हिशेब आपणच करावा!

शाळा उशिरा भरली तर मुले आणखी जागतील, अशी शंका साहजिकच निघते. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. मनगटावरील यंत्राने मोजले, तेव्हा मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे आढळले. कॅलिफोर्निया राज्यात तर २०२२ पासून वरच्या वर्गांच्या शाळा साडेआठपूर्वी न भरवण्याचा कायदाच आहे. ग्रामीण भाग मात्र त्यातून वगळला आहे.

आपल्या शेजारच्या महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु लवकर उठणे ज्यांना सर्वाधिक जड जाते, ती आठवी ते बारावीची मुले त्या निर्णयात येत नाहीत.

अडचणी मला ठाऊक आहेत. आपल्या गोव्यात गावची बस चुकली की दुसरीची वाट पाहणे आले. काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात. शिवाय दुपारचे ऊन आणि संध्याकाळची शिकवणी आहेच. म्हणून घंटा निदान अर्धा तास पुढे नेता येईल काय, याचा विचार बसचे वेळापत्रक समोर ठेवून याच सभेत व्हावा, अशी विनंती आहे. निर्णय होईपर्यंत गणिताची चाचणी पहिल्या तासाला ठेवू नये. एवढे तर वेळापत्रक आखणाऱ्या गुरुजनांच्या हाती आहे.