अर्धा कोयता
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी माझा परिचय करून देताना फार चांगले शब्द वापरले. "गरिबीतून केवळ स्वतःच्या जिद्दीवर वर आलेल्या" असे त्या म्हणाल्या. मी त्यांची आभारी आहे. परंतु त्यांतला "केवळ" हा शब्द मला मान्य नाही, आणि मला दिलेला अर्धा तास मी त्या एका शब्दाशी भांडण्यातच घालविणार आहे. माझ्या वर येण्याला पैसा लागला, माणसे लागली, आणि त्यांतल्या एका माणसाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

माझे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. आमच्याकडे तीन एकर होती, तीत बाजरी झाली तर झाली. तेव्हा दसरा-दिवाळी झाली की निम्मे गाव बैलगाड्यांत संसार भरून ऊसतोडीला निघावयाचे, ते पाडव्याच्या आगेमागे परतावयाचे. घरी राहावयाची ती म्हातारी माणसे, आणि त्यांच्या पदरी टाकलेली पोरे.

आपणांपैकी पुष्कळजणींना ऊसतोडीचा व्यवहार ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. हंगामापूर्वी मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला "उचल" म्हणतात. ती फेडावयाची टनावारी ऊस तोडून. फिटली नाही तर बाकी पुढल्या साली अंगावर. ही उचल एकट्या माणसाला मिळत नाही. ती नवराबायकोच्या जोडीला मिळते, आणि त्या जोडीला म्हणतात "एक कोयता". तोडतो नवरा; साळते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढविते बायको. पण हिशेब होतो नवऱ्याशी आणि रक्कम पडते त्याच्या हातात. एकटे माणूस गेले तर तो "अर्धा कोयता". म्हणजे माझी माय जन्मभर ज्या कामात झिजली त्या कामाच्या वहीत तिचे नाव कधी लागलेच नाही. ती कोयत्याचा अर्धा भाग होती.

तिचे नाव प्रथम कागदावर लागले ते 1972 च्या दुष्काळात. विहिरी आटल्या, चारा संपला, आणि सरकारने गावोगाव दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळे, कामावर मुलांना सुकडी मिळे. मी तेव्हा सहा वर्षांची होते. पुढे लोकांकडून त्या कामांच्या हालअपेष्टाच ऐकल्या, आणि त्या खऱ्याच होत्या; हाताला फोड, डोळ्यांत कपच्या. पण माय सांगावयाची ती निराळीच गोष्ट. हजेरीपटावर तिचे नाव वेगळे होते, अंगठा वेगळा होता, आणि शनिवारी पैसे तिच्या स्वतःच्या हातावर पडत. त्याच कामांच्या अनुभवावर, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला, हे आपण वाचले असेल. आमच्या घरात त्या योजनेचा अर्थ एवढाच होता, की त्या पैशांतून मायने माझ्यासाठी पाटी आणली आणि कोणाला न विचारता मला शाळेत घातले. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. ती कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी 1 जून 1966 लिहिली. आमच्या गावातली निम्मी मुले 1 जूनलाच जन्मली आहेत!

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीही दोन वर्षे शाळेत गेली होती, पण मी झाल्यावर मला सांभाळावयास कोणी नव्हते म्हणून तिची शाळा सुटली. शाळा सुटण्याचे हे कारण तुम्ही आपल्या कामवाल्या बाईंना विचारून पाहा; बहुतेक घरांतून हेच निघेल.

1974 साली वडील गेले. त्या वर्षी मुकादमाने मायला स्पष्ट सांगितले, की अर्ध्या कोयत्याला उचल अर्धीच मिळेल. घरावर मागल्या उचलीची बाकी होती. तेव्हा चौदा वर्षांची आक्का म्हणाली, "मी येते. कोयता पुरा होतो." असे ती कोणा त्यागाच्या भावनेने बोलली, असे मी आपणांस सांगणार नाही. तिला हिशेब कळत होता आणि दुसरा उपाय नव्हता. दोघी मायलेकी मिळून एक कोयता झाला, आणि मी आजीजवळ गावात राहून तिसरी, चौथी केली. आजी गेल्यावर तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात माझी सोय झाली. ई.बी.सी.ची सवलत होती. तरी वह्या, चपला, ताटवाटी, एस.टी.चे भाडे यांना पैसा लागेच. तो येई फडातून. तोडलेल्या उसाच्या वरचे हिरवे वाढे बायका गुरांसाठी विकतात. तेवढी कमाई मुकादमाच्या वहीत जात नाही. माझे इंग्रजीचे पुस्तक वाढ्याचे आहे, असे आक्का म्हणे.

सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले, अर्थातच तोडणी करणाऱ्या घरात, आणि अर्थातच हंगामाच्या तोंडावर. लवकर लग्ने होण्याचे हेही एक कारण आहे. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो, आणि आईबाप फडावर गेल्यावर वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावयाची, ही काळजीही मिटते. नुसता कायदा दाखवून या आईबापांना शहाणपण शिकविणाऱ्यांचा मला जरा रागच येतो.

1982 साली मी दहावी झाले, 1984 साली बारावी. परिचारिकेच्या शिक्षणाला राहणे-जेवण मिळे आणि विद्यावेतन मिळे. गरिबाच्या मुलीने तिकडे जाण्याचे हे अगदी सरळ कारण आहे. सेवेची ओढ वगैरे नंतर आली. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, पुढे परिसेविका झाले, आणि गेल्या 31 मे 2024 रोजी त्या 1 जूनच्या हिशेबाने निवृत्त झाले.

शहरात आल्यावर माझी भाषा बदलली, हे खरे. आमच्या गृहपालबाई "इकडं-तिकडं" म्हटले तरी टोकीत. पण मी जी भाषा बाहेर पडताना बरोबर आणली होती, तिनेच मला बाह्यरुग्ण विभागात किंमत दिली. खेड्यातली बाई डॉक्टरांपुढे "अंगावर जातं", "कंबर भरून येते", "पिशवी खाली आलीया" असे अर्धे बोलून गप्प होते. डॉक्टर नवे असले की ते माझ्याकडे पाहत. मी विचारी, पांढरे जाते की तांबडे, वास येतो का, कधीपासून; आणि मग ती बाई पदराआडून सगळे सांगे. गाव मागे टाकून यावे असे म्हणतात. माझी नोकरी मागे न टाकलेल्यावरच चालली.

आणि येथे मला आक्काकडे परत यावयाचे आहे, कारण हे सारे शिकलेली बहीण घरात असताना तिच्या वाट्याला काय आले, ते आपण ऐकावे.

फडावर बाई पहाटे तीन-चारला उठते. संडास नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत कापड धुवावयास पाणी नाही, आणि धुतले तर वाळत घालावयास जागा नाही. एक दिवस पडून राहिली की "खाडा", आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. अशा ठिकाणी पांढरे जाण्याचा विकार होणे यात नवल काही नाही. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. पण 1998 साली, आक्का अडतीस वर्षांची असताना, हंगाम संपवून ती हाच त्रास घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेली. तेथे तिला सांगितले, पिशवीला गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आठ दिवसांत पिशवी काढली. मला पत्र आले ते टाके सुटल्यावर. मी रजा काढून गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले तिचे कागद वाचले. सोनोग्राफी नव्हती. तपासणीला पाठविलेल्या तुकड्याचा अहवाल नव्हता. पिशवीबरोबर अंडकोषही काढले होते. खर्च 18,000 रुपये; ते मुकादमाकडून उचलीत आले होते. म्हणजे ते फेडण्यासाठी, टाके ओले असतानाच, पुढला हंगाम ठरलेला होता.

मी तिला विचारले, मला आधी का कळविले नाहीस? ती म्हणाली, "तुला रजा पडली असती." खाडा या शब्दाऐवजी तिने माझ्यासाठी रजा हा शब्द वापरला, एवढेच.

अंडकोष काढले की बाईची पाळी एकदम जाते, अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या बाईला मोळी उचलावयाची आहे तिच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे मी वेगळे सांगत नाही. आक्का आज पासष्टीची आहे आणि काठी घेतल्याशिवाय तिला उठता येत नाही.

ही एका आक्काची गोष्ट असती तर मी ती घरातच ठेवली असती. 2019 साली नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्याची पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ होत्या. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी परवानगी घेण्याचा नियम झाला. 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर झाली. त्यांतील काही भाड्याच्या इमारतींतून चालूही झाली. मी हे चांगलेच मानते. मला वसतिगृहाने काय दिले हे मला ठाऊक आहे. परंतु वसतिगृह मुलीला बाहेर काढते. तिची आई फडातच असते.

मला पुष्कळजणी म्हणतात, "तुमच्यासारखी एखादी तरी वर येते, हे काय थोडे आहे?" थोडे नाही. पण आमच्या घरात दोन मुली होत्या, दोघींनाही अक्कल सारखीच होती. किंबहुना हिशेबात आक्का माझ्याहून पक्की. तिने कोयता पुरा केला म्हणून मी पाटी धरली. गावात माझ्याबद्दल बोलताना ती "शिकली" किंवा "मोठी झाली" असे म्हणत नाही. ती म्हणते, "ही सुटली." जुवाखालून बैल सोडतात, त्यासाठी आमच्याकडे हाच शब्द आहे, आणि मला तो आपल्या चिटणीसबाईंच्या शब्दापेक्षा अधिक खरा वाटतो.

आता मंडळापुढील कामाविषयी. कार्यकारिणीने यंदा कर्तबगार स्त्रियांच्या सत्कारासाठी काही रक्कम बाजूला ठेवली आहे, आणि त्या यादीत माझे नाव असल्याचे कळले. माझी विनंती अशी, की माझ्यापुरती ती रक्कम निराळ्या कामी लावावी. आपल्या गावापासून तासाभराच्या वाटेवर साखर कारखाना आहे, आणि गाळप चालू असेपर्यंत तेथे आमच्याकडच्या लोकांच्या कोप्यांचा तळ पडलेला असतो. तेथे महिन्यातून एकदा जावयाचे. मी आहे, आपल्यातल्या दोन डॉक्टरबाईंनी होकार दिला आहे. जंतुसंसर्गाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, कापडाचे घडे, साबण, आणि एक वही. त्या वहीत प्रत्येक बाईचे स्वतःचे नाव लिहावयाचे, अमक्याची बायको असे नव्हे. कोणाला शस्त्रक्रिया सांगितली असेल तर तिला सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला मिळवून द्यावयाचा. त्यासाठी तिच्याबरोबर दिवसभर बसणारी एक बाई लागते. तिला वैद्यकी येण्याची गरज नाही, रांगेत उभे राहता आले म्हणजे पुरे. खाड्याचे पैसे मंडळाने भरावे की नाही यावर मतभेद होईल. मी भरावे या मताची आहे, कारण त्याशिवाय ती येणारच नाही.

त्या लोकांशी बोलताना एक सांभाळावे. स्वच्छतेवर भाषण देऊ नये. पाणी कोठून आणता, एवढेच विचारावे.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पहिली फेरी आहे. गाडीत नऊ जागा आहेत, त्यांतील चार भरल्या. पहाटे तोडणीला जाणाऱ्या बायका दुपारी दोननंतर परततात, म्हणून आपण साडेबाराला मंडळाच्या दारातून निघू. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. डबा आणि पाणी ज्याचे त्याने आणावे. तेथले पाणी त्यांनी डोक्यावरून आणलेले असते.