चेंडू रोखणारे आणि घड्याळ थांबवणारे



बास्केटबॉल म्हणजे काय, नेस्मिथसाहेबांनी तो 1891 साली स्प्रिंगफील्डमध्ये कसा सुरू केला, हे या सभागृहात सांगायला नको. पुढच्या रांगांत आपल्या गावचे जुने खेळाडूच बसले आहेत. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

अमेरिकेतला कॉलेजचा बास्केटबॉल फार संथ आहे, अशी ओरड कित्येक वर्षं चालू आहे. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात चेंडू हाती आल्यावर 30 सेकंदांत बास्केटवर फेकावा लागतो. व्यावसायिकांसारखे 24 सेकंद करा, म्हणजे सगळं सुधारेल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं ठाम मत आहे की ही मंडळी भलत्यालाच धरून मारताहेत. सावकाश खेळणं आणि खेळ थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला जपलं पाहिजे, दुसरीला आवरलं पाहिजे.

आता लगेच कोणी म्हणेल, म्हणजे तुमचा या सेकंदांच्या घड्याळाला, शॉट क्लॉकलाच विरोध! (हशा) मुळीच नाही. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना हरवलं ते 19-18 असं. लेकर्सकडे जॉर्ज मायकनसारखा उंचापुरा खेळाडू होता, म्हणून पिस्टन्सनी चेंडूच दाबून धरला. अशानं प्रेक्षक कसा टिकणार? सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोने यांचं गणित सर्वज्ञात आहे. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा चेंडू फेकतात. 48 मिनिटांचे झाले 2880 सेकंद. भागा 120ने, आले 24. 1954-55च्या हंगामात नियम लागू झाला आणि व्यावसायिक बास्केटबॉलचे प्राण वाचले. त्या वर्षीचं अजिंक्यपदही बियासोनेंच्याच संघानं जिंकलं.

कॉलेजांनी मात्र हे मानायला आणखी तीन दशकं घेतली. मधल्या काळात काय काय झालं पाहा. 1968मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटनं ड्यूकला हरवलं 12-10. 1973च्या डिसेंबरात टेनेसीनं टेम्पलला हरवलं 11-6. (हशा) हसू नका, हे पूर्ण सामन्याचे गुण आहेत! 1979च्या फेब्रुवारीत ड्यूकच्या कोर्टवर डीन स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलायना संघानं अख्खा पूर्वार्ध चेंडू फिरवत काढला. मध्यंतराला फलक होता 7-0, आणि शून्य होतं ते चेंडू धरून बसलेल्यांचं. उत्तरार्धात दोघं मोकळे खेळले, दोघांचेही 40-40 गुण झाले; म्हणजे सामना गेला तो न खेळलेल्या अर्ध्या भागात. 1982च्या मार्चमध्ये याच नॉर्थ कॅरोलायनानं व्हर्जिनियाविरुद्ध शेवटची कित्येक मिनिटं चेंडू रोखून धरला आणि सामना 47-45नं जिंकला. एका बाजूला राल्फ सॅम्पसन, दुसऱ्या बाजूला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मायकल जॉर्डन. देश टीव्हीसमोर बसलेला, आणि खेळ कुठेच नाही. मग मात्र सहनशक्ती संपली. 1985-86पासून 45 सेकंदांचं घड्याळ आलं, 1993-94मध्ये ते 35वर आणि 2015-16मध्ये 30वर आलं. मुलींच्या कॉलेज सामन्यांत 30 सेकंदांचा नियम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच होता. मुलींना जे तेव्हा जमलं, ते मुलांना शिकायला चार दशकांहून जास्त लागली! (टाळ्या)

आणि 'अमेरिकेच्या कॉलेजांचं आम्हाला काय?' असं मनात असेल, तर कबड्डी आठवा. चढाई करणाऱ्याला 30 सेकंद मिळतात. त्यात तो घाई करील, नाहीतर मध्यरेषेपलीकडे सावध पावलं टाकत समोरच्याला खेळवील. ती त्याची कला आहे. आपण त्याला 'संथ' म्हणत नाही. घड्याळानं एवढंच बघायचं की त्यानं चढाई केली पाहिजे.

हाच न्याय प्रिन्स्टनला लावा. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक होते पीट कॅरिल. यांच्या विद्यापीठात खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. उंच, चपळ, नावाजलेली मुलं दुसरीकडे जातात. यांच्याकडे येतात ती अभ्यासाची मुलं. 1996च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांची गाठ पडली आदल्या वर्षीचे विजेते यूसीएलए यांच्याशी. घड्याळ होतं 35 सेकंदांचं. कॅरिलची मुलं पास देत, जागा बदलत, पुन्हा पास देत राहायची. त्यांचा हुकमी डाव असा की बचाव करणारा पास अडवायला पुढे झुकला, की आपला गडी त्याच्या पाठीमागून थेट बास्केटखाली. सहा मिनिटं उरली तेव्हा यूसीएलए 41, प्रिन्स्टन 34. सगळ्यांना वाटलं, संपलं. आणि तिथून पुढे, श्रोतेहो, यूसीएलएला एकही गुण मिळाला नाही! प्रिन्स्टननं 41-41 अशी बरोबरी केली. शेवटच्या चेंडूवर गेब लेव्हलिस पाठीमागून शिरला, बचाव करणाऱ्यानं ते ओळखलं, जमलं नाही. तो बाहेर आला आणि त्याच वाटेनं पुन्हा शिरला. या वेळी पास हातात, चेंडू बास्केटमध्ये. चार सेकंदही उरले नव्हते. 43-41. (टाळ्या) निवृत्ती जाहीर करून बसलेल्या कॅरिल यांचा तो शेवटचा विजय. दोन्ही संघ मिळून फक्त 84 गुण. पण कंटाळवाणा म्हणाल का या सामन्याला?

हा प्रसंग योजलं होतं त्यापेक्षा लांबला, पण तो लांबायलाच हवा होता. 24 सेकंद केले की असे डाव उलगडायला उसंत राहत नाही. व्यावसायिक संघाला ते परवडतं, कारण त्यांच्याकडे एकट्यानं चेंडू घेऊन गुण काढणारे असतात. कॉलेजात शेकडो संघ. कोणाकडे उंची, कोणाकडे वेग, कोणाकडे फक्त शहाणपण. शहाणपणवाल्यांना 30 सेकंद राहू द्या. टोनी बेनेट यांचा व्हर्जिनिया संघ संथ म्हणून हिणवला गेला. 2018मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन असून पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून 74-54 असा हरला, तेव्हा 'बघा, संथपणाचं फळ' असं म्हणणारे कमी नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच पद्धतीनं खेळून ते राष्ट्रीय विजेते झाले.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) पाच मिनिटं म्हणताहेत. मग बाकीचे आकडे सोडतो आणि मुख्य गोष्ट सांगतो.

40 मिनिटांचा सामना दोन तासांहून जास्त चालतो. तो वेळ जातो कुठे? टीव्हीवरच्या सामन्यात प्रत्येक अर्ध्या भागात 16, 12, 8 आणि 4 मिनिटं उरली की पुढच्या थांब्याला जाहिराती. त्यावर प्रशिक्षकांचे टाइमआउट. त्यावर पंचांचं पडद्यावर पुन्हा पुन्हा बघणं. आणि शेवटच्या मिनिटांत मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, म्हणजे घड्याळ थांबतं, समोरचा दोन फ्री थ्रो मारतो, हे उठून लांबून एक चेंडू फेकतात, पुन्हा फाउल. या सगळ्यात शॉट क्लॉक 30चं असो की 24चं, काडीचा फरक पडत नाही. 2015मध्ये नियम बदलले तेव्हा गुण वाढले, खरं आहे. पण त्याच वर्षी धक्काबुक्कीवर कडक नजर ठेवली गेली आणि टाइमआउटही कमी केले. सगळं श्रेय पाच सेकंदांना देऊ नका.

या रोगावर औषध आहे. निक इलॅम नावाच्या अध्यापकानं सुचवलं की शेवटच्या टप्प्यात सामन्याचं घड्याळ बंदच करा. पुढे असलेल्या संघाच्या गुणांत ठरावीक गुण मिळवून लक्ष्य ठरवा. जो आधी तिथे पोचेल तो जिंकला. शॉट क्लॉक चालू राहील, पण मुद्दाम फाउल करणं म्हणजे समोरच्याला लक्ष्याकडे ढकलणं. टीबीटी या स्पर्धेत 2017पासून याची सुरुवात झाली. 2020मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या ऑल-स्टार सामन्यात हाच प्रकार वापरला आणि शेवटचा भाग तारे जीव तोडून खेळले. कॉलेजांनी हे करून पाहावं. जाहिरातींचे थांबे कमी करावेत, प्रशिक्षकांच्या टाइमआउटला कात्री लावावी. मुलांनी आठवडाभर सराव केलाय. शेवटची दोन मिनिटं त्यांच्या हाती द्या.

(घंटा) संपवतोच. नियम करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. जो चेंडू घेऊन विचार करतो त्याच्या हातून पाच-सहा सेकंद हिसकावण्याआधी, जो घड्याळ थांबवतो त्याच्याकडून मिनिटं परत मागा. प्रेक्षक वेळ काढून आलेला असतो तो खेळासाठी, आणि त्या वेळेवर पहिला हक्क खेळणाऱ्यांचा आहे.

(टाळ्या)