पाण्याचा मान कोणाकडे?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातिबांधवांच्या मूळ गावी पाण्याच्या कामास निधी देण्याचे आपल्या मंडळाने योजिले आहे. हेतू स्तुत्य आहे. तथापि दोन शब्द, काहीसे अप्रिय असले तरी, बोलण्याची अनुज्ञा असावी.

माझ्या गावी पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यापैकीच काही सधन मंडळींनी विहीर खोदविली, मोटार बसविली, टाकी उभारली आणि संगमरवरी शिलेवर देणगीदारांची नावे कोरविली. शिला अद्याप लखलखीत आहे. मोटार मात्र तिसऱ्या उन्हाळ्यात जळाली ती जळालीच. टाकी आमच्या आळीत, चावी आमच्या घरात. वेशीबाहेरील वस्तीस मिळे ते उरलेसुरले. दुरुस्तीची वर्गणी मागावयास आम्ही तेथे गेलो, तेव्हा एका वृद्धाने शांतपणे विचारले, "टाकी कोणाची?" आम्ही निरुत्तर झालो. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाणी वाहत होत्या स्त्रिया, परंतु टाकीची जागा ठरविताना त्यांपैकी एकीसही कोणी विचारले नव्हते. आज जलजीवन मिशनच्या गावसमितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे, तो उगाच नव्हे.

आपल्या सोलापुरातील तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून निर्माण केला. त्यांच्या यात्रेत संक्रांतीस सात नंदिध्वज निघतात. ध्वज कोणी पेलावयाचा हे ऐनवेळी कोणी विचारीत नाही. निरनिराळ्या समाजांकडे तो मान आहे, आणि मानाबरोबर भारही आहे. गावच्या टाकीचा असा मान कोणाकडे असतो?

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा हिस्सा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरे: माणशी अर्धा एकर भिजेल इतका, आणि कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनासही हिस्सा असे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नसे. खर्चाचा पाचवा भाग लाभधारकांनी द्यावयाचा, आणि ऊस वर्ज्य. (हे शेवटचे पथ्य उजनीकाठच्या आपल्या मंडळींस किती जड जाईल, हे मी जाणतो.)

केवळ ठरावाने मात्र हे साधत नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांस खुले केले ते कागदावर; डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सहस्रावधी अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय लागावयास १९३७ साल उजाडले.

म्हणून विनंती अशी की, निधी देण्यापूर्वी त्या गावच्या सर्व वस्त्यांची बैठक ग्रामपंचायतीत व्हावी, टाकीची जागा तेथे ठरावी, आणि शिलेवर होणारा खर्च दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. आमच्या गावची बंद विहीर प्रथम हाती घेतल्यास टाकीची चावी ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करण्यास मी सिद्ध आहे.