समुद्रातला उलटा पिरॅमिड

जंगलात सगळ्यात जास्त वजन झाडांचं. हरणांचं कमी, वाघांचं त्याहून कमी. समुद्रात हे गणित चक्क उलटतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार समुद्रातल्या अन्न तयार करणाऱ्या सजीवांत सुमारे १ अब्ज टन कार्बन आहे, आणि त्यांच्या जिवावर जगणाऱ्यांत सुमारे ५ अब्ज टन! मग एवढ्यांची पोटं भरतात कशी? सूक्ष्म वनस्पती प्लवक काही दिवसांतच दुप्पट होतात आणि जवळजवळ तितक्याच वेगानं खाल्ले जातात. शिल्लक थोडी, पण उत्पादन प्रचंड. ही गती मला समुद्राचं खरं वैभव वाटते. पुढच्या प्रत्येक पायरीवर मात्र सरासरी १० टक्केच ऊर्जा पोचते. म्हणून प्लवक खाणारी तारली कोकण किनाऱ्यावर थव्यांनी येते, तिला खाणारी सुरमई त्या मानानं मोजकीच.