सारख्याच किमतीची दोन ग्राफिक्स कार्डं: कोणतं घ्यावं?

आज दोनच कार्डांबद्दल बोलू. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०८० सुपर आणि एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स. बाजारात आली तेव्हा दोन्हींची जाहीर किंमत ९९९ डॉलर. साध्या गेममध्ये फ्रेम रेटही जवळपास सारखे. कधी हे थोडं पुढे, कधी ते. तेवढ्यावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही.

मग मी काय बघतो? पहिलं, मेमरी. एएमडीकडे २४ जीबी, एनव्हिडियाकडे १६. घरच्या मशीनवर मोठं एआय मॉडेल चालवायचं, तर ते मेमरीत मावलं पाहिजे. नाही मावलं की वेग एकदम कोसळतो. पण तुमचं सॉफ्टवेअर एनव्हिडियाचं कुडाच मागत असेल, तर ते जादा ८ जीबी काय कामाचे?

दुसरं, रेंडरिंग. ब्लेंडरमध्ये एनव्हिडिया बरंच पुढे आहे, रे ट्रेसिंगमध्येही तेच. हप्त्यांवर कार्ड घेऊन त्यावरच कमवायचं असेल, तर रेंडरमध्ये वाचलेला प्रत्येक तास म्हणजे पैसा.

तिसरं, वीज. एनव्हिडियाला ३२० वॅट, एएमडीला ३५५. एनव्हिडियाचा १६ पिनांचा कनेक्टर मात्र पूर्ण आत बसलाय ना, ते नीट बघा. सैल राहिला तर तापून वितळू शकतो.

थोडक्यात, पोट रेंडरिंगवर असेल तर एनव्हिडिया. १६ जीबी कमी पडणार असेल आणि सॉफ्टवेअर चालत असेल, तर एएमडी. आणि नुसतेच गेम खेळायचे असतील? स्वस्त मिळेल ते घ्या, वाचलेले पैसे मॉनिटरमध्ये घाला.