विळीला इंग्रजींत काय म्हणावें?

मराठी घरांतील गोष्ट इंग्रजींत सांगूं पाहणाऱ्याची वाट मोठ्या शब्दांपाशीं अडत नाहीं. ती अडते स्वयंपाकघरांत. विळीला ‘नाइफ’ म्हटलें, कीं काम भागल्यासारखें वाटतें. परंतु सुरी हातांत धरावयाची आणि भाजीवर चालवावयाची. विळीचें पातें जागचें हलत नाहीं. भाजीच त्याच्याकडे न्यावी लागते. त्यासाठीं विळीचा पाट पायाखालीं दाबून खालीं बसावें लागतें. म्हणजे ‘नाइफ’ या शब्दानें केवळ हत्यार बदलत नाहीं. चिरणाऱ्या बाईला तो बसल्या जागेवरून उठवितो. याउलट, ‘सासूबाई विळीवर बसल्या’ हें वाक्य शब्दशः उतरविलें, तर इंग्रज वाचकाच्या अंगावर कांटाच येईल!

तांब्याची गतही तीच. ‘जग’ला कान असतो, ‘केटल’ला तोटी असते, तांब्याचा मात्र गळाच मुठींत धरावयाचा. जात्याला ‘क्वर्न’ असा नेमका शब्द आहे; पण इंग्रजांच्या घरांतून जातें केव्हांच गेलें, आणि त्याचें नांवही सामान्य वाचकाच्या ओळखीचें राहिलें नाहीं. त्याला ‘हँड-मिल’ चटकन समजतें. तेव्हां शब्द असणें निराळें आणि तो ओळखीचा असणें निराळें.

कॅप्टन मोल्सवर्थ व कँडी बंधु यांनीं पंडितांच्या साहाय्यानें रचिलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला. त्याची दुसरी आवृत्ति १८५७ ची. त्यांत घरगुती वस्तूंपुढें पुष्कळदां प्रतिशब्द नसून वर्णन आढळतें. हा कोशकारांचा प्रामाणिकपणाच होय.

तिसरी वाट उसनवारीची. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत अशा उसन्या शब्दांची दाटी आहे. लोटा इंग्रजींत ‘लोटा’च राहिला, खाटेची ‘कॉट’ झाली. तीन पायांची ती तिपाई. पण ‘टी’ हा उच्चार कानीं पडतांच इंग्रजांनीं तिचें नातें चहाशीं जोडलें, आणि पुढें चहा ठेवण्याच्या पेटीलाही ‘टीपॉय’ म्हणूं लागले. तोच शब्द मराठी दिवाणखान्यांत परत आला, तेव्हां त्याला माहेरच्यांनींही ओळखलें नाहीं.

यांतून भाषांतरकारानें विवेक करावा. वस्तु ओझरती आली असेल, तर जवळचा शब्द पुरे. प्रसंगच तिच्यावर उभा असेल, तर मूळ नांव ठेवावें आणि तिचें काम वाक्यांतून दाखवावें. बाई पाय दाबून बसली, दोन्ही हातांनीं भोपळा पात्यावर रेटला, एवढें लिहिलें कीं विळी दिसते.

मात्र हा प्रश्न आतां केवळ इंग्रजीचा राहिलेला नाहीं. ‘मांजराच्या भाग्यानें शिंकें तुटलें’ ही म्हण अजून चालते. पण दूधदुभतें टांगून ठेवण्याचें तें दोरीचें शिंकें शहरांतल्या मुलानें पाहिलेलें नसतें. परक्या वाचकासाठीं जें वर्णन लागतें, तेंच आतां घरच्या नातवालाही लागतें. तें वर्णन कोशकारांहून अधिक चांगलें कोणास करतां येईल, तर ज्या आजीनें शिंक्यावर हंडी ठेवली, तिला. तिला आजच विचारावें, आणि ती सांगेल तें लिहून ठेवावें.